व्यासांची अट

भाद्रपद शुद्ध चतुर्थीस आपण ज्या देवतेची घरोघरी स्थापना करतो, ती विघ्नहर्ती आहे हे आबालवृद्धांस ठाऊक आहे. ती विद्येची अधिष्ठात्री आहे हेही सर्व जण जाणतात. परंतु श्रीगजानन हा लेखनिकांचा आद्य आचार्य आहे, याचे स्मरण आरतीच्या गजरात सहसा राहत नाही. महाभारत लिहून घेण्यासाठी व्यासांनी त्याची प्रार्थना केली, तेव्हा त्याने अट घातली की, माझी लेखणी क्षणभरही थांबता कामा नये. व्यासांनी ती मान्य केली आणि उलट आपली अट घातली: अर्थ उमगल्यावाचून एक अक्षरही उतरवावयाचे नाही. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने ही कथा मूळ संहितेतून परिशिष्टात नेली आहे, हे विद्वानांनी मला सांगावयास नको. पाठाचा निर्णय एक आणि बोधाचा निर्णय दुसरा. पहिली अट वेगाची आहे, दुसरी विवेकाची. माणसाच्या हाती बोलण्याचे किंवा लिहिण्याचे नवे साधन आले की तो पहिली अट उत्साहाने पाळतो आणि दुसरी विसरतो. धर्माच्या नावाने बोलणारा ती विसरला, म्हणजे काय अनर्थ होतो, हे आज मला वाचकांपुढे मांडावयाचे आहे. आणि त्यासाठी आख्यान घ्यावयाचे आहे ते पुराणातले नव्हे, अमेरिकेच्या इतिहासातले.

उत्सवाच्या पानावर अमेरिका कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. नाना पंथांची, नाना वर्णांची माणसे एकत्र आली आणि त्या प्रत्येकाच्या हाती छापखाना, पुढे नभोवाणी आणि दूरदर्शन आले, असे त्या देशात जितक्या उघडपणे घडले तितके क्वचितच कोठे घडले असेल. १७९१ साली अंमलात आलेल्या त्यांच्या राज्यघटनेच्या पहिल्या दुरुस्तीत धर्माचे स्वातंत्र्य, भाषणाचे स्वातंत्र्य आणि मुद्रणाचे स्वातंत्र्य एकाच वाक्यात गुंफलेले आहे. देवाला आळवण्याचा हक्क आणि छापण्याचा हक्क ही त्या कायद्याच्या दृष्टीने सख्खी भावंडे. या भावंडांचा संसार कसा झाला, हे पाहण्यास एक फिलाडेल्फिया शहर बहुतांशी पुरेसे आहे.

या शहरात १७३९ साली जॉर्ज व्हाइटफील्ड नावाचा इंग्रज धर्मोपदेशक आला. वय अवघे चोवीस. चर्चच्या भिंतींत श्रोते मावेनात, म्हणून तो उघड्या मैदानात आणि रस्त्यावर उभा राहून बोलत असे. त्याच गावी बेंजामिन फ्रँकलिन हा मुद्रक राहत होता. त्याची त्या उपदेशावर फारशी श्रद्धा नव्हती, पण कुतूहल मोठे. व्हाइटफील्ड न्यायालयाच्या पायऱ्यांवरून बोलत असता फ्रँकलिन नदीच्या दिशेने मागे मागे चालत गेला, शब्द कोठपर्यंत स्पष्ट ऐकू येतात ते पाहिले आणि हिशेब मांडला की, हा एक आवाज तीस हजार माणसांना सहज पुरेल. दुसऱ्या एका प्रसंगी, अनाथाश्रमासाठी झोळी फिरणार हे ओळखून, एक पैसाही द्यावयाचा नाही अशा निश्चयाने तो ऐकावयास बसला. प्रवचन चढू लागले तसे प्रथम तांब्याची नाणी द्यावीत असे त्यास वाटले, मग रुप्याची, आणि शेवटी सोन्यासह सारा खिसा त्याने ताटात रिता केला. ही हकीकत त्याने स्वतःच आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. आयुष्यभर गादीवर उभ्या राहिलेल्या माझ्यासारख्या कीर्तनकारास ती वाचून त्या परधर्मीय वक्त्याचा हेवा वाटला तर नवल नाही.

फ्रँकलिनने त्याची प्रवचने छापली, ती गावोगाव गेली. आवाजाला कागदाचे पंख फुटले. परंतु याच व्हाइटफील्डने जॉर्जिया प्रांतात गुलामगिरीस परवानगी मिळावी म्हणून आग्रह धरला होता. १७५१ साली तेथील बंदी उठली आणि त्याच्या अनाथाश्रमाच्या जमिनीवर गुलाम राबू लागले. ज्या वाणीने मुद्रकाचा खिसा रिता केला, त्या वाणीस त्या गुलामांची वेदना मात्र शिवली नाही. १७७० साली तो वारला, तेव्हा बोस्टनमध्ये फिलिस व्हीटली नावाच्या एका गुलाम मुलीने त्याच्यावर विलापिका रचली. ती छापून निघाली आणि गुलाम असलेली ती मुलगी एकाएकी प्रसिद्धीस आली. उपदेशकाने जिच्या बांधवांच्या मुक्तीसाठी तोंड उघडले नाही, तिने त्याच्यासाठी शोक केला. या दोघांत मोठे कोण, हे सांगण्यास शास्त्रार्थाची गरज नाही.

आता या आख्यानाच्या गाभ्याकडे येऊ. १७९३ साली फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली. सुमारे पन्नास हजारांच्या वस्तीत चार ते पाच हजार माणसे दगावली. ज्यांना शक्य होते ते श्रीमंत गाव सोडून गेले. कृष्णवर्णीयांना हा ज्वर होत नाही, असा एक समज तेव्हाच्या वैद्यांत होता. त्यावर विसंबून त्यांना शुश्रूषेसाठी पाचारण करण्यात आले. रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स हे त्यांचे दोन पुढारी, दोघेही पूर्वी गुलाम. त्यांनी आपली माणसे घेऊन घरोघर जाऊन रोग्यांची सेवा केली, प्रेते उचलली, दफने केली. समज खोटा होता. त्यांच्यातीलही पुष्कळ जण मेले. ध्यानात घ्या, हीच ती माणसे, ज्यांना त्यापूर्वी एका चर्चमध्ये गुडघे टेकून प्रार्थना करीत असता मध्येच ओढून उठविण्यात आले होते. कारण गोऱ्यांच्या जागेत ते बसले होते.

साथ ओसरते न ओसरते तोच मॅथ्यू केअरी नावाच्या प्रकाशकाने तिची हकीकत पुस्तकरूपाने बाजारात आणली. खप एवढा की काही महिन्यांत तिच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघाल्या. तीत ॲलन आणि जोन्स यांची दोन शब्दांत स्तुती होती. परंतु कृष्णवर्णीय परिचारकांपैकी अनेकांनी रोग्यांस लुबाडले, चोऱ्या केल्या, असा आळही होता. आता हा केअरी कोण? तो आयर्लंडमधून आलेला कॅथलिक. आपल्या धर्मबांधवांवर लादलेल्या इंग्रजी कायद्यांविरुद्ध आणि सरकारविरुद्ध लिहिले म्हणून त्याला मायदेशी तुरुंग पाहावा लागला आणि शेवटी देश सोडावा लागला. अमेरिकेत कॅथलिकांचे बायबल प्रथम छापले ते याच केअरीने, १७९० साली. सारांश, लेखणीचा छळ काय असतो आणि अल्पसंख्याकाचे दुःख काय असते, हे ज्याने भोगले होते, त्यानेच हाती छापखाना येताच आपल्याहून दुबळ्या समाजावर शिंतोडे उडविले. तो दुष्ट नव्हता. त्याला घाई होती. गणेशाची अट त्याने पाळली, व्यासांची राहून गेली.

ॲलन आणि जोन्स यांनी काय केले? त्यांनी दगड उचलला नाही. १७९४ साली त्यांनी आपले उत्तर छापले. कोणत्या घरी कोण गेले, कोणी किती घेतले, कोणी काहीच घेतले नाही, हे सांगितले. जमाखर्च मांडून मिळाले त्याहून खर्च अधिक झाल्याचे दाखविले. आणि शेवटी नम्रपणे एवढेच सुचविले की, साथीच्या ऐन भरात स्वतः केअरी काही काळ गावाबाहेर होता आणि त्याच्या पुस्तकाने त्याला जी कमाई झाली, ती डझनभर लोभी परिचारकांना मिळून झाली नसेल. कृष्णवर्णीय लेखकांनी स्वामित्वहक्क नोंदवून प्रसिद्ध केलेले हे त्या देशातील पहिले लेखन मानतात. पुढे १८१६ साली याच ॲलनच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीयांचा स्वतंत्र मेथॉडिस्ट संप्रदाय उभा राहिला आणि तो त्याचा पहिला बिशप झाला.

आळ घेण्याचे हे चक्र एकदा फिरू लागले की ते फिरविणाऱ्यालाही सोडत नाही. १८३६ साली मॉन्ट्रिअलच्या एका कॅथलिक मठातील कथित अनाचारांवर मारिया मंक या बाईच्या नावाने न्यूयॉर्कला एक पुस्तक निघाले. एका संपादकाने प्रत्यक्ष मठात जाऊन पाहणी केली आणि ते कुभांड असल्याचे त्याच वर्षी जाहीर केले. तरी पुस्तकाचा खप थांबला नाही. लोकांना ते खरे असावे असे वाटत होते, एवढे कारण पुरले. १८४४ साली फिलाडेल्फियाच्या शाळांत कोणते बायबल वाचावे यावरून वाद पेटला. आपल्या मुलांना आपल्या प्रतीतून वाचू द्यावे, ही कॅथलिकांची मागणी. ते बायबलच शाळांतून हाकलून देणार आहेत, अशी आवई मात्र पत्रकांतून आणि सभांतून उठली. दंगल झाली, माणसे मेली, दोन कॅथलिक चर्चे जळाली. केअरी त्याआधी पाच वर्षे निवर्तला होता. त्याच्या गावात त्याच्याच समाजाची देवळे कागदावरच्या खोट्याने जाळली, हे पाहण्याचे त्याच्या नशिबी आले नाही.

आणि तरीही चक्र थांबले नाही. यानंतरचा प्रसंग फिलाडेल्फियाबाहेरचा, मिशिगन राज्यातील डेट्रॉइटजवळचा आहे. साधन बदलले, नभोवाणी आली. १९२६ साली चार्ल्स कॉग्लिन हा कॅथलिक पाद्री तीवरून प्रवचने करू लागला. आरंभी मुलांसाठी धर्मकथा, मग मंदीत पिचलेल्या कामकऱ्यांची कैफियत. १९३० नंतरच्या वर्षांत त्याचे श्रोते तीन कोटींपर्यंत असल्याचे अंदाज आहेत. व्हाइटफील्डच्या तीस हजारांशी ताडून पाहा! पण आवाज जसजसा मोठा झाला, तसतसा त्यात ज्यू लोकांविषयीचा द्वेष भरत गेला. १९३८ साली त्याच्या साप्ताहिकाने ज्यूंच्या जागतिक कारस्थानाचा तो कुप्रसिद्ध दस्तऐवज छापला, जो बनावट असल्याचे लंडनच्या वृत्तपत्राने १९२१ सालीच सिद्ध केले होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळण्यात आली, तेव्हा या धर्मगुरूने नभोवाणीवरून दोषाचे खापर ज्यूंच्याच माथी फोडले. न्यूयॉर्कच्या एका केंद्राने त्याचे भाषण पुढे प्रक्षेपित करण्याचे नाकारले. १९४२ साली सरकारने त्याच्या साप्ताहिकाची टपालाची सवलत काढली आणि त्याच्या बिशपने त्याला राजकारणाविषयी मौन धरण्याची आज्ञा केली. ज्या समाजाची चर्चे १८४४ साली अफवेने जाळली, त्याच समाजातील एक पाद्री शतकभरानंतर दुसऱ्यांच्या जळत्या मंदिरांविषयी असे बोलला. सोसले म्हणून माणूस शहाणा होतोच असे नाही. सोशिकाच्या हाती ध्वनिक्षेपक येतो, तेव्हाच त्याच्या धर्माची खरी परीक्षा सुरू होते.

वाचकहो, येथे कीर्तनाच्या मर्यादेविषयी चार शब्द बोलणे मला भाग आहे. कीर्तनात श्रोता समोर असतो. चुकीचे पद म्हटले तर पुढच्या रांगेतील वृद्ध हरिभक्त मान हलवितो. अनुचित दृष्टांत दिला तर सभेवर उदासी पसरते. वक्त्यास ते दिसते. छापील कागदास आणि नभोवाणीस डोळे नसतात. ज्याच्याविषयी बोलले जाते तो तर तेथे नसतोच. म्हणून माझे असे स्पष्ट मत आहे की, धर्मवक्त्याची पारख आपल्या देवाविषयी तो किती गोड बोलतो यावरून करू नये. सभेत जो उपस्थित नाही, ज्याला उत्तर देण्याची सोय नाही, त्याच्याविषयी तो काय बोलतो, यावरून करावी.

साधनच दुष्ट आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. त्याच फिलाडेल्फियात आयझॅक लीसर या ज्यू धर्मसेवकाने १८४३ पासून आपल्या विखुरलेल्या समाजासाठी मासिक चालविले आणि १८५३ साली हिब्रू धर्मग्रंथाचे इंग्रजी भाषांतर सिद्ध केले, जेणेकरून ज्यू मुलांना परक्यांच्या भाषांतरावर विसंबावे लागू नये. परक्यांस शिव्या देण्याची त्यास गरज भासली नाही. आणि ॲलनच्या संप्रदायाचे ‘ख्रिश्चन रेकॉर्डर’ हे पत्र! यादवी युद्ध १८६५ साली संपले, गुलामगिरी गेली, आणि त्या पत्रात माहितीसाठी विनंत्या येऊ लागल्या. कोणा आईचे मूल लहानपणीच विकले गेले होते. कोणा भावाला बहिणीचे नाव तेवढे आठवत होते. कोणाला शेवटच्या मालकाचे नाव आणि विक्रीचे गाव एवढाच धागा उरला होता. या सूचना धर्मोपदेशकांनी आपापल्या चर्चमध्ये वाचून दाखवाव्यात अशी विनंती त्यांत असे, कारण श्रोत्यांपैकी अनेकांना वाचता येत नव्हते. उपासनेस जमलेली मंडळी हरवलेल्यांची नावे कान देऊन ऐकत आहेत, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. पुष्कळांचा शोध लागला नाही, काहींचा लागला. धर्माचे छापील पत्र याहून पवित्र काम कोणते करू शकेल, मला सांगता येत नाही.

या इतिहासात आपल्या महाराष्ट्राचाही एक धागा गुंफलेला आहे, आणि तोही छापील कागदाचाच. कोल्हापुरास अनेक वर्षे राहिलेले मिशनरी वाइल्डर अमेरिकेत परतले आणि त्यांनी प्रिन्स्टन येथे एक मिशनरी नियतकालिक काढले. पत्नीस शिक्षणासाठी अमेरिकेस आणण्याविषयी गोपाळराव जोशी यांनी लिहिलेले पत्र त्यात छापले गेले. सोबतचा अभिप्राय होता तो ख्रिस्तास शरण जाण्याचा. न्यू जर्सीतील कार्पेंटर नावाच्या एका गृहिणीच्या नजरेस तो अंक पडला. तिने अभिप्राय बाजूस ठेवला आणि पत्रामागची मुलगी पाहिली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे जाहीर सभेत सांगून आनंदीबाई १८८३ साली निघाल्या. कार्पेंटरबाईंच्या घरी त्यांना माहेर मिळाले, आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून त्या डॉक्टर झाल्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र. त्या पदवीदानास पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. रमाबाईंनी धर्मांतर केलेले, आनंदीबाईंनी नाही. तरी एकीच्या गौरवास दुसरी समुद्र ओलांडून गेली. १८८७ साली आनंदीबाई पुण्यास निवर्तल्या. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या, आणि त्या ख्रिस्ती कुटुंबाने न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे आपल्या आप्तांच्या दफनभूमीत त्यांना जागा दिली. अर्थ समजून वाचणे म्हणजे काय, याचे याहून उत्तम उदाहरण मजपाशी नाही.

आणि अर्थ न समजता लिहिणे म्हणजे काय, तेही आपल्या माणसांनी अनुभविले आहे. १९०७ साली वॉशिंग्टन राज्यातील बेलिंगहॅम गावी लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या हिंदी मजुरांवर गोऱ्यांच्या जमावाने हल्ला करून त्यांना गावाबाहेर घालविले. वृत्तपत्रांनी सर्वांस ‘हिंदू’ म्हटले. प्रत्यक्षात त्यांत बहुसंख्य शीख होते. ज्यांना हाकलले त्यांचा धर्म कोणता, हे विचारण्याची तसदीही कोणास घ्यावीशी वाटली नाही. नाव चुकले तेथे न्याय कोठून येणार?

मग उपाय कोणता? काही जण म्हणतील, कायदा करा, तोंडे बंद करा. मला ते पटत नाही. ज्या मोकळिकीने कॉग्लिनला व्यासपीठ दिले, तिनेच ॲलनला उत्तराची जागा दिली. बोलणाऱ्याचे तोंड बांधू लागलो तर प्रथम दुबळ्याचेच बांधले जाईल. अट बाहेरून लादून भागत नाही. व्यासांप्रमाणे ती आरंभीच, आणि लिहिणाऱ्याने स्वखुशीने, मान्य करावी लागते.

आज ही अट केवळ संपादकांस आणि पाद्र्यांस लागू आहे, असे समजू नका. आपल्या घरातील प्रत्येकाच्या हातात असे एक यंत्र आहे, ज्याचा आवाज कॉग्लिनच्या नभोवाणीहून दूर जातो. उत्सवाच्या शुभेच्छांबरोबरच त्यावरून अमक्या जातीविषयी, तमक्या पंथाविषयी, पलीकडच्या आळीविषयी मजकूर येतात, आणि खरे-खोटे न पाहता अंगठ्याच्या एका स्पर्शाने पुढे जातात. पुढे पाठविणारा स्वतःस लेखक समजत नाही. पण तोही लेखनिकच आहे, आणि गजाननाच्या आसनावर बसला आहे. यंदा दहा दिवस एवढे व्रत करावे: जो समोर नाही त्याच्याविषयीचा मजकूर, त्याचा अर्थ आणि खरेपणा उमगल्यावाचून, पुढे धाडावयाचा नाही. एखाद्या सश्रद्ध कुटुंबाची मुलेबाळे आज न्यू जर्सीत किंवा टेक्सासात राहत असतील, तर त्यांच्याविषयी तेथील शेजाऱ्याने हेच व्रत पाळावे, असे त्या कुटुंबास वाटणार नाही काय? जे आपल्यासाठी मागावयाचे, ते दुसऱ्यास आधी द्यावे.

व्यासांची अट गजाननाने मान्य केली, म्हणून महाभारत एक लक्ष श्लोकांचे झाले, तरी त्यात कौरवांची बाजूही आली, कर्णाचे दुःखही आले, गांधारीचा शोकही आला. अर्थ समजून लिहिणाऱ्याच्या ग्रंथात शत्रूलाही बोलण्यास जागा मिळते. मंगलमूर्ती आपल्या लेखणीस, वाणीस आणि बोटांस तेवढी सावधानता देवो.